पाण्यातले शेजारी

माझा भाचा सिव्हिल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परवा म्हणाला, "मावशी, एवढा मोठा कोस्टल रोड आणि 18 प्रवाळांसाठी खटाटोप?" प्रश्न चुकीचा नाही, म्हणून आज त्यावरच लिहिते.

मुंबईत वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळांच्या वसाहती आहेत, हे कित्येक मुंबईकरांनाही ठाऊक नव्हतं. (अंगठीतलं पोवळं वेगळं हं, ते बहुतेक भूमध्य समुद्रातलं.) कोस्टल रोडच्या भरावाखाली त्यातल्या काही येणार होत्या. 1972 च्या वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाइतकंच, पहिल्या परिशिष्टातलं संरक्षण आहे. म्हणून परवानगी घेऊन 2020 च्या अखेरीस 18 वसाहती खडकावरून सोडवून दुसरीकडे बसवल्या. या कामात आपल्या दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था होती, याचा मला गोवेकर म्हणून अभिमान आहे. तरीही माझं मत सांगते: उचलून नेणं हा शेवटचा उपाय. प्रवाळ उचलता येतो. त्याच खडकातले खेकडे, शंख, शेवाळ यांना कोण उचलणार?

त्याहून महत्त्वाची गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे आवाज. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेतल्या चौपटीहून जास्त वेगानं, आणि खूप दूरवर पोचतो. समुद्राच्या तळात खांब ठोकताना प्रत्येक घावाचा धक्का पसरत जातो. डॉल्फिन आवाजाच्या प्रतिध्वनीवरून वाट आणि मासे शोधतात. आमच्या मांडवी-जुवारीच्या मुखाशी दिसणाऱ्या डॉल्फिनांचंही तसंच. त्यांच्यासाठी हा गोंगाट म्हणजे डोळ्यांवर पट्टी.

यावर जर्मनीत, उत्तर समुद्रात पवनचक्क्या उभारताना, एक झकास युक्ती वापरतात. खांबाभोवती तळावर भोकं पाडलेली नळी गोल अंथरायची आणि तिच्यात कॉम्प्रेसरनं हवा सोडायची. बुडबुड्यांची भिंत वर चढते. पाणी आणि हवा यांच्या घनतेत प्रचंड फरक असल्यामुळे आवाज त्या भिंतीवर आपटून परततो, विखुरतो, बराचसा तिथेच मरतो. तिथे नियमच आहे: 750 मीटरवर एका घावाचा आवाज 160 डेसिबलच्या आत हवा. (पाण्यातलं डेसिबल वेगळ्या मापानं मोजतात. घरातल्या स्पीकरशी तुलना करू नका!) शिवाय पहिले घाव हलके मारतात, म्हणजे जवळचे प्राणी निघून जातात. हे मला फार आवडलं. घंटी वाजवून मग दार उघडावं तसं.

गाळाचीही तीच कथा. खोदकामानं उडालेला गाळ प्रवाळावर बसला की त्याला उजेड मिळत नाही, तो गुदमरतो. म्हणून कामाभोवती पाण्यात कापडी पडदे सोडतात. लाटा मोठ्या असल्या की ते टिकत नाहीत, तेव्हा काम थांबवणंच बरं. आणि आपल्याकडे मासेमारीबंदी 1 जून ते 31 जुलै असते, ती माशांच्या विणीसाठी. मग होडीला जो नियम, तो हातोड्याला का नको?

भाच्याला मी एक काम दिलंय, तुम्हालाही देते. बंदरासारख्या मोठ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीआधी किमान 30 दिवस सूचना निघते आणि पर्यावरण अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. तो मागून घ्या. त्यात पाण्याखालच्या आवाजाचं पान आहे का, ते बघा. नसेल तर सुनावणीत उठून विचारा.