सणाचे पान आणि नातीचा नेम

हे टिपण बेने इस्राएल घरांतील आजी-आजोबांसाठी आहे. नातवंडांच्या नव्या आहारामुळे गोंधळलेल्या इतरांनाही ते उपयोगी पडावे.

सणाला नात पानावर बसते आणि तळलेल्या सुरमईची तुकडी हलकेच बाजूला सारते. ती आता ‘वीगन’ आहे. मांस, मासे, अंडी, दूधदुभते, मधसुद्धा वर्ज्य. आपण पहाटेपासून राबलेल्या असता. तिने आपला हातच नाकारला, असे वाटून जीव कासावीस होतो.

अशा वेळी आपलेच स्वयंपाकघर आठवावे. मांस आणि दूध एकत्र आणायचे नाही, या नियमामुळे कोकणातील यहुदी घरांनी नारळाचा रस जवळ केला. रोश हशानाचा, म्हणजे नववर्षाचा, चिकाचा हलवा गव्हाच्या चिकात नारळाचे दूध घालूनच घोटतात. (घोटण्याचे काम नातीकडे द्यावे; आपले खांदे सांभाळावेत.) एलियाहू हन्नबीच्या मलिद्यात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, गूळ, वेलची आणि फळे. तिशा बआवला तर आपण ‘बिरड्याचा सण’च म्हणतो. सफरचंदाबरोबर मधाऐवजी खजुराचा पाक ठेवावा. वल्हांडणाच्या सेदर ताटात हाडाऐवजी बीट चालते. त्याला तालमूदचा आधार आहे. अश्केनाझी सोयरे त्या आठवड्यात भात-डाळी टाळतात, आपण टाळत नाही. पंगत एकत्र असेल तर हे आधीच बोलून घ्यावे.

तेव्हा सणाची चिंता नको. चिंता करावी ती उरलेल्या वर्षाची, आणि तीही ब-१२ जीवनसत्त्वाची. वनस्पतिजन्य आहारातून ते भरवशाने मिळत नाही. समुद्रशेवाळे किंवा आंबवलेले पदार्थ पुरतील, या समजुतीवर विसंबू नये. शरीरातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव उशिरा कळते. नातीने ब-१२ ची गोळी किंवा ते मुद्दाम मिसळलेले सोयादूध नेमाने घेतलेच पाहिजे.

तिच्या प्रेमापोटी आपणही हा आहार स्वीकारला असेल, तर अधिक जपावे. उतारवयात अन्नातील ब-१२ कमी शोषले जाते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास आणखी कमी. तळपायांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसरभोळेपणा ही लक्षणे दिसली की घरातील माणसे ‘वयच झाले’ म्हणून सोडून देतात. उपचारास फार उशीर झाला, तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येत नाही.

सणाच्या खरेदीआधी आजी-नातीने एकाच सकाळी रक्त तपासून घ्यावे. चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी. ब-१२ गोळीने द्यायचे की इंजेक्शनने, हे अहवाल पाहून डॉक्टर ठरवतील.