पिंजऱ्यातील माणसाचे म्हणणे

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हा उपदेश मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या केला जातो. उपदेश करणारी हीच मंडळी रंगमंचावर किंवा पडद्यावर न्यायालय उभे राहिले, की मात्र जागची हलत नाहीत. प्रत्यक्षात ज्या वास्तूची धास्ती वाटते, तिच्याच प्रतिकृतीपुढे तीन-तीन तास तल्लीन होऊन बसावे, ही विसंगती वरवर विनोदी वाटली तरी तिचे मूळ खोल आहे. भोर आणि वेल्ह्यासारख्या डोंगरी तालुक्यांच्या दृष्टीने तर ते शोधणे हा केवळ रसिकतेचा प्रश्न राहत नाही.

न्यायालयाच्या या मोहिनीचे परदेशातील ठळक उदाहरण म्हणजे 'रम्पोल ऑफ द बेली' ही ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिका. थेम्स टेलिव्हिजनने ती १९७८ ते १९९२ या काळात सादर केली. लेखक जॉन मॉर्टिमर स्वतः बॅरिस्टर होते आणि लिओ मॅकर्न यांनी रम्पोलची भूमिका अजरामर केली. हा रम्पोल जुनाट टोप घालणारा, स्वस्त मद्यावर आणि इंग्रजी कवितांवर प्रेम करणारा, घरी पत्नीपुढे नमणारा आणि न्यायाधीशापुढे न नमणारा वकील. मानाची पदवी त्याला मिळत नाही. सरकारपक्षातर्फे तो कधी उभा राहत नाही. भुरट्या चोऱ्यांवर गुजराण करणारे एक कुटुंब हे त्याचे हक्काचे पक्षकार. गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर असते, हे तत्त्व ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९३५ साली सोनेरी धाग्याची उपमा देऊन सांगितले. त्या धाग्यावर रम्पोलचे सारे आयुष्य ओवलेले आहे. मॅकर्न २००२ मध्ये आणि मॉर्टिमर २००९ मध्ये निवर्तले, तरी मालिकेचा चाहतावर्ग उरला आहे.

मराठीला अशा मालिकेची उसनवारी करण्याचे कारण नव्हते. भोरच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातील कोडीत गावी जन्मलेल्या आचार्य अत्रे यांनी 'तो मी नव्हेच' हे नाटक लिहिले आणि १९६२ साली ते रंगभूमीवर आले. अनेक स्त्रियांना लग्नाच्या आमिषाने फसविणाऱ्या एका भामट्याचे गाजलेले प्रकरण त्याच्या मुळाशी होते. साक्षीदार पिंजऱ्यात येतो, बोलू लागतो, फिरता रंगमंच वळतो आणि त्याची कहाणी डोळ्यांसमोर घडू लागते, ही रचना त्या काळी अपूर्व होती. प्रभाकर पणशीकरांनी एकाच प्रयोगात पाच रूपे धारण केली. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे भर न्यायालयात साळसूदपणे प्रत्येक आरोप झटकून टाकतो आणि प्रेक्षागृह हास्यात बुडते. पणशीकर २०११ साली गेले. पुढे इतर नटांनीही ही भूमिका केली. 'तो मी नव्हेच' हे शब्द तर नाटक न पाहिलेल्यांच्याही बोलण्यात रुळले.

रम्पोल आणि लखोबा ही वस्तुतः दोन टोके. एक दुबळ्याचा बचाव करतो, तर दुसरा दुबळ्यांना लुबाडून स्वतःचा बचाव करतो. असे असूनही दोघांची ओढ सारखीच का वाटावी? याचे उत्तर व्यक्तींत नसून त्या जागेत आहे. न्यायालयात प्रश्न विचारला, की उत्तर द्यावे लागते. तेथे फौजदाराला उलटतपासणीला तोंड द्यावे लागते आणि फसविल्या गेलेल्या स्त्रीचा शब्द नोंदवून घेतला जातो. 'साहेब जागेवर नाहीत, उद्या या' हे वाक्य तेथे चालत नाही, निदान नाटकात तरी चालत नाही. सात-बाराच्या उताऱ्यावरील एका चुकीच्या नोंदीसाठी वेल्ह्याच्या खोऱ्यातून चार-चार खेपा घालणाऱ्या शेतकऱ्याला असे दृश्य हवेहवेसे वाटले, तर नवल नाही. त्या कचेरीत टेबलामागे बसणाऱ्या कारकुनालाही ते तितकेच आवडते, कारण वरिष्ठांपुढे त्याचेही म्हणणे क्वचितच कोणी पुरते ऐकून घेतो.

अर्थात न्यायालयाचा देखावा म्हणजे न्याय नव्हे, हे मराठी रंगभूमीनेच बजावले आहे. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' या १९६७ च्या नाटकात एका खेड्यात जमलेली हौशी नटमंडळी वेळ घालविण्यासाठी खोटा खटला रचतात आणि बघता बघता लीला बेणारे या शिक्षिकेची खरोखरीच शिकार होते. तेथे खुर्ची, पिंजरा, साक्षी सर्व काही आहे; नाही ती निःपक्षपाती बुद्धी. गावकीच्या चावडीवर किंवा शिक्षकांच्या खोलीत एखाद्याचा निवाडा परस्पर लावला जातो, तेव्हा हेच नाटक प्रेक्षकांविना चालू असते.

या भूमीला न्यायाची एक जुनी आठवण आहे. आजच्या भोर तालुक्यातील रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला म्हणून शिवाजी महाराजांनी त्याचे हातपाय तोडविले, ही सतराव्या शतकातील हकीकत शाळकरी मुलेही सांगतात. लोकस्मृतीने त्यातील शिक्षा तेवढी घट्ट धरून ठेवली. प्रत्यक्षात त्या प्रकरणाच्या पत्रात पाटलाला हुजूर आणून चौकशी केल्याचा आणि अपराध खरा ठरल्यावरच शिक्षा दिल्याचा उल्लेख आहे. एवढेच नव्हे, तर पुढे पाटीलकी त्याच्याच भाऊबंदांतील एकाकडे दंड घेऊन सोपविण्यात आली, म्हणजे अपराध्याबरोबर त्याचे घराणे बुडविले गेले नाही. 'असल्यांचा तिथल्या तिथे निकाल लावावा' असे म्हणताना रांझ्याचा दाखला देणाऱ्यांनी हा भाग विसरू नये.

प्रत्यक्ष न्यायालय आणि नाटकातील न्यायालय यांत मुख्य अंतर दोन गोष्टींचे आहे, शेवटाचे आणि भाषेचे. नाटकाचा पडदा तीन तासांत पडतो. बांधाचा, वाटणीचा किंवा संपादित जमिनीच्या मोबदल्याचा दावा बापाकडून मुलाकडे वारसा म्हणून येतो. भाटघर, नीरा-देवघर, पानशेत, गुंजवणी अशी धरणे पोटात घेतलेल्या या दोन तालुक्यांना त्याविषयी अधिक सांगावयास नको. चैतन्य ताम्हाणे यांच्या २०१४ च्या 'कोर्ट' या चित्रपटाने हेच वास्तव कोणतीही आतषबाजी न करता दाखविले. तेथे एका लोकशाहिराचे आयुष्य तारखांमागून तारखांत झिजते आणि कोणीही दुष्ट नसताना अन्याय घडत राहतो. भाषेचे म्हणाल, तर तालुक्याच्या न्यायालयात मराठीला स्थान आहे. पण उच्च न्यायालयात पाऊल ठेवताच पक्षकार आपल्याच खटल्यात परका होतो.

तेव्हा कोर्टाची पायरी चढू नये, हा उपदेश आता पुरेसा नाही. १९७६ च्या घटनादुरुस्तीने गरिबाला मोफत कायदेशीर साहाय्य देण्याचे तत्त्व संविधानाच्या ३९-अ या अनुच्छेदात आले. त्यासाठीचा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ मध्ये झाला आणि १९९५ मध्ये अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील आरोपी यांना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळण्याची तरतूद त्यात आहे. तालुका पातळीवर समित्या नेमण्याचीही सोय आहे. दुर्दैव असे, की लखोबाचे नाव ज्याला ठाऊक आहे, त्याला या समितीचे नाव ठाऊक असतेच असे नाही. शिक्षकाने वर्गात हा एक धडा सांगितला, कारकुनाने कचेरीत आलेल्या बाईला योग्य दार दाखविले आणि विद्यार्थ्याने आजोबांना आलेली नोटीस समजावून दिली, तर त्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही. तारीख पुढे का ढकलली, हे पक्षकाराला त्याच्या भाषेत दोन वाक्यांत सांगण्याचा शिरस्ता न्यायालयांनी पाडला, तरी निम्मी धास्ती ओसरेल.

पिंजऱ्यातील माणसाला पुरते बोलू द्यावे, मग तो लखोबासारखा लबाड का असेना, या एका कल्पनेवर ही सारी नाटके टिकून आहेत. तिकीट काढून ती पाहणाऱ्या समाजाने शेजारच्या माणसावर आळ आला असतानाही ती पाळली, तर रंगभूमीचे ऋण फिटले असे म्हणता येईल.