नमुना बदला, परंतु भरलेले अर्ज मोडूं नका

सरकारदरबारीं शेतकऱ्याची ओळख कागदानेंच पटते. हल्लीं त्या कागदाची जागा संगणकानें घेतली आहे. १ मे २०१८ पासून आपल्या राज्यांत डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला, व १५ ऑगस्ट २०२१ पासून पीकपाहणीची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून करूं लागला. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु या नव्या व्यवस्थेंत एक दोष शिरूं पाहत आहे, व तो शेतकरी बंधूंच्या नजरेस आणणें आम्हांस अवश्य वाटतें.

आम्ही लालबागच्या चाळींत राहतों. येथील पुष्कळ बिऱ्हाडांप्रमाणें आमचीही थोडीशी जमीन कोंकणांत आहे. तिच्यासंबंधीं आम्हीं एका कचेरीकडे संगणकावरून अर्ज केला. जमिनीच्या प्रकारांच्या यादींत भातशेती, बागायत व वरकस असे तीन पर्याय क्रमानें होते. आम्हीं खरें तेंच, म्हणजे वरकस, निवडलें. चार महिन्यांनीं तोच अर्ज उघडून पाहतों तों आमचें वरकस रान बागायत झालेलें! चौकशीअंतीं कळलें कीं, मध्यंतरीं यादीच्या आरंभीं एक नवा प्रकार घालण्यांत आला होता. यंत्रानें आमचें उत्तर 'तीन' एवढ्या आंकड्यांत जपून ठेविलें होतें, आणि नव्या यादींत तिसऱ्या जागीं बागायत आलें होतें. खोटी माहिती दिल्याचा ठपका मात्र आमच्यावर आला. सही आमची, शब्द दुसऱ्याचा, असा हा प्रकार झाला.

महसूल खात्यांत आमचें आयुष्य गेलें, म्हणून सांगतों कीं, जुन्या दप्तरांत ही चूक होण्यास जागाच नव्हती. गांवनमुने एक ते एकवीस. पुढें नव्या नोंदवहीची गरज पडली, तेव्हां जुन्यांचे क्रमांक कोणीं हलविले नाहींत. जुन्याच क्रमांकास अक्षर जोडलें. म्हणून कुळवहिवाटीचा नमुना सात-अ, वारसांचा सहा-क, खातेदाराचा आठ-अ. आठ म्हटलें कीं पन्नास वर्षांपूर्वींही आठच, व आजही आठच.

नोंदीचेंही तसेंच. सातबाऱ्यावरील नांव कमी करावयाचें तर तें खरवडून काढीत नाहींत. त्यास कंस करितात व शेजारीं फेरफाराचा क्रमांक राहतो. २०२० सालीं सातबाऱ्याचा नमुना सुधारला, तेव्हांही मयत खातेदाराच्या कंसांतील नांवावर आडवी रेघ आली, व जुन्या फेरफारांच्या क्रमांकांस निराळा रकाना मिळाला. नमुना बदलला, पण मागचा माग पुसला नाहीं.

संगणकाचे नमुने करणाऱ्यांनीं हाच धडा घ्यावा. नमुना वेगळा व त्यावर भरलेला अर्ज वेगळा, हा भेद प्रथम ओळखावा. प्रत्येक नमुन्यास आवृत्तीचा क्रमांक व तारीख असावी, आणि अर्ज ज्या आवृत्तींत भरला तिच्यांतच तो कायम वाचतां यावा. रकान्याची व पर्यायाची खूण एकदां ठरली कीं ती दुसऱ्यास देऊं नये. पर्याय नकोसा झाला तर नव्या अर्जदारास दाखवूं नये, पण दप्तरांतून काढूं नये. नवा प्रश्न घातला तर जुन्या अर्जांत तेथें 'विचारलें नव्हतें' असें दिसावें. न विचारलेल्या प्रश्नास 'नाहीं' हें उत्तर चिकटविणें म्हणजे दुसऱ्याच्या तोंडीं शब्द घालणें होय. ती माहिती खरोखरीच हवी असेल, तर अर्जदारास पुरवणी अर्ज पाठवावा. आणि नवा नमुना चालू करण्यापूर्वीं जुन्या भरलेल्या अर्जांच्या नकलांवर तो लावून पाहावा.

कोणी म्हणतील कीं, इतक्या आवृत्त्या सांभाळणें खर्चाचें आहे, व एकत्र गोषवारा काढणें अवघड जातें. अडचण खरी आहे; परंतु तीवरही उपाय आहे. एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. चाळीस गुंठ्यांचा एकर म्हणजे सुमारें ४०.४७ आर; अपूर्णांक तोडला कीं बांधावर तंटा उभा राहतो. म्हणून मूळ आंकडा आहे तसा ठेवून रूपांतर शेजारच्या रकान्यांत लिहावें. गोषवारा त्या रकान्यावरून काढावा. वाद पडल्यास मूळ पाहावें. याचा खर्च थोडा आहे. शेतकऱ्यानें चुकीच्या नोंदीपायीं घातलेल्या हेलपाट्यांचा खर्च मात्र कोणत्याच अंदाजपत्रकांत दिसत नाहीं.

तोंवर आपणही सावध राहावें. अर्ज पाठवितांच त्याची छापील प्रत व पोंच काढून ठेवावी, आणि दोन-चार महिन्यांनीं अर्ज पुन्हां उघडून ताडून पाहावा. आपल्या मंडळानेंही आपल्या सभासद-अर्जांच्या तळाशीं आवृत्तीचा क्रमांक घालण्यास आरंभ करावा, व सरकारी कचेऱ्यांकडे हीच मागणी ठरावानें करावी, अशी आमची विनंती आहे. शेतकऱ्यानें एकदां सांगितलेलें खरें, त्यास न विचारतां बदलण्याचा अधिकार कोणत्याही यंत्रास असतां कामा नये.