खालच्या पायरीवरचा ग्राहक

'प्रस्थापित' हा शब्द आमच्या वाचकांना नवा नाही. वर बसलेल्याला खालच्या पायरीवरचा माणूस दिसत नाही, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. उद्योगधंद्यातही तेच घडते. हार्वर्डचे प्राध्यापक क्लेटन ख्रिस्तेन्सेन यांनी १९९७ साली आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. बड्या कंपन्या जास्त पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाच्याच मागे धावतात, आणि साधा, स्वस्त माल घेऊन खालून आलेला माणूस त्यांची बाजारपेठ उलथून टाकतो. यालाच 'डिसरप्टिव्ह इनोव्हेशन' म्हणतात.

याचे उदाहरण आपल्या मोरीत सापडते. हिंदुस्थान लिव्हरने १९५९ साली सर्फ पावडर आणली. ती मध्यमवर्गासाठी होती. सार्वजनिक नळावर, नदीवर कपडे धुणारी बाई कंपनीच्या हिशेबातच नव्हती. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल या सरकारी नोकरीतल्या रसायनतज्ज्ञाने घरामागच्या अंगणात पावडर बनवली आणि सायकलवरून दारोदार विकली. तीच निरमा. किंमत सर्फच्या एक तृतीयांशाहूनही कमी. बघता बघता ती देशभर पोहोचली.

प्रस्थापितांनी काय केले? आधी दुर्लक्ष केले. मग जाहिरातीतल्या ललिताजींकडून स्वस्त आणि चांगले यांतला फरक समजावून सांगितला. परंतु जिच्या हातात महागड्या पावडरीचे पैसेच नाहीत, तिला हा उपदेश काय कामाचा?

अखेर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कंपनीने व्हील बाजारात आणली आणि ती वाढली. कशामुळे वाढली, हे महत्त्वाचे आहे. सर्फमध्येच भेसळ करून स्वस्त पुडा काढला नाही. पावडरीची घडण नवी, उत्पादन ठिकठिकाणी विखुरलेले, विक्रीची साखळी खेड्यापाड्यातल्या छोट्या दुकानांपर्यंत नेलेली. किलोमागे नफा थोडा, पण खप प्रचंड, असा हिशेबच वेगळा मांडला. स्वस्त पावडरीने हाताची आग होते, ही बायकांची तक्रारही ऐकली. स्वस्त मालाने महाग माल बुडेल, ही भीतीही खोटी ठरली. सर्फ एक्सेलची उलाढाल २०२२ साली एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

आमच्या मते प्रस्थापित कंपन्यांनी यातून तीन गोष्टी शिकाव्यात. जो आज ग्राहक नाही, त्याच्या दारात जावे. नव्या कामाला वेगळी माणसे, वेगळा पैसा आणि वेगळे अधिकार द्यावेत. मुख्य कार्यालयाच्या जुन्या फूटपट्टीने त्याचा नफा पहिल्याच वर्षी मोजू नये. आणि निर्णय घेणाऱ्यांत त्या वस्तीतून आलेली माणसे असावीत. ज्याने नळावरची रांग पाहिलेली नाही, त्याला त्या रांगेतली गरज कशी कळणार?

आपली शिकलेली मुले आज अनेक कंपन्यांत अधिकारपदावर आहेत. 'त्या वस्तीत धंदा नाही' असे बैठकीत कोणी म्हणाले, तर त्यांनी निरमाचा हा इतिहास समोर ठेवावा. मात्र एक प्रश्नही विचारावा. गरिबाच्या दोन रुपयांवर कंपनी मोठी होत असेल, तर तो माल बनवणाऱ्या कामगाराला रास्त मजुरी आणि छोट्या पुरवठादाराला वेळेवर पैसे मिळतात काय? हा प्रश्न टाळून होणाऱ्या वाढीला आम्ही प्रगती म्हणणार नाही.