‘सर्वांत अचूक गोळी’ नावाची अफवा

धागा | ठासणीच्या बंदुकीच्या गोळ्या, त्यांच्या चाचण्या आणि इतिहासाची एक आळशी शिडी

१/ शस्त्रांच्या इतिहासावरील पानांवर एक चित्र नित्य दिसते. डावीकडे शिशाची वाटोळी गोळी, मध्ये टोकदार मिनिए गोळी, उजवीकडे आजचे काडतूस. आणि खालून वर चढत जाणारा बाण. आशय असा की, वाटोळी गोळी वापरणारे अडाणी होते, मग कोणीतरी शहाणा जन्मला आणि नेम लागू लागला. हे चित्र देखणे आहे, सोपे आहे आणि चुकीचे आहे.

२/ चूक तपशिलाची नाही, प्रश्नाची आहे. ‘सर्वांत अचूक गोळी कोणती?’ या प्रश्नाला ठासणीच्या रायफलपुरते तरी उत्तरच नाही. अचूकता हा एकट्या गोळीचा गुण नव्हे. तो गोळी, नळीतील पीळ, दारूचे माप, वंगण आणि अंतर या पाचांच्या मेळाचा गुण आहे. एक बदलले की बाकीच्या चौघांचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

३/ आधी मूळ अडचण पाहू. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी दोन्ही तोंडाकडून जातात आणि गजाने ठासली जातात. नळी रायफलची असेल, म्हणजे तिच्या आत पिळाच्या खाचा असतील, तर गोळीने त्या खाचा घट्ट पकडून बाहेर पडताना फिरले पाहिजे. म्हणजे आत जाताना गोळी सैल हवी आणि बाहेर येताना घट्ट हवी. दोन्ही एकाच वेळी कसे साधावे? ठासणीच्या रायफलचा सारा इतिहास या एका पेचाभोवती फिरतो.

४/ फिरण्याचा हट्ट कशासाठी, याचे शास्त्रीय विवेचन बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने केले. त्याचा तोफशास्त्रावरील प्रसिद्ध ग्रंथ १७४२ चा. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी नळीला घासत वाटेल तशी गिरकी घेते आणि त्या गिरकीमुळेच हवेत वाट सोडते, हे त्याने प्रयोगाने दाखवले. नळीचे टोक डावीकडे वाकवले, तर गोळी आधी डावीकडे जाते, पण पुढे उजवीकडे वळते. पीळ ही बेशिस्त गिरकी मोडून तिच्या जागी शिस्तीची गिरकी आणतो. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत आला आणि १७५१ मध्ये मद्रासजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे वारला.

५/ सैल-घट्टच्या पेचातून सुटण्याच्या तीन वाटा निघाल्या. पहिली चिंधीची: गोळी नळीपेक्षा किंचित लहान घ्यायची आणि वंगण लावलेल्या कापडात किंवा चामड्यात गुंडाळून ठासायची. खाचा गोळीला नव्हे, चिंधीला पकडतात. चिंधी गोळीला फिरवते आणि नळीबाहेर गळून पडते. शिकाऱ्यांची ही जुनी वाट.

६/ दुसरी फुगणाऱ्या गोळीची. फ्रान्सच्या मिनिएने १८४० च्या दशकाच्या अखेरीस टोकदार गोळीच्या पोकळ बुडात लोखंडी वाटी बसवली. दारू पेटली की वाटी पुढे सरकते, शिशाचे बूड फुगते आणि खाचांत रुतते. तिसरी वाट साच्याची: नळीचा आकार जसा, तसाच गोळीचा. ब्रिटिशांच्या ब्रन्सविक रायफलच्या वाटोळ्या गोळीला कंबरपट्ट्यासारखी कड होती आणि नळीत तिच्यासाठी दोन खाचा. व्हिटवर्थची नळी तर आतून षट्कोनीच होती.

७/ शिडीचे चित्र इथेच कोसळते. ब्रन्सविक आणि शिकाऱ्याची रायफल या दोहोंची गोळी वाटोळीच. तरी १८५२ मध्ये एनफिल्ड येथे झालेल्या चाचणीत ब्रन्सविकचा नेम ४०० यार्डांपलीकडे इतका भरकटला की नोंद घेण्यासारखे काही उरले नाही. वाटोळी गोळी वाईट म्हणून असे घडले, असे म्हणावे, तर त्याच दशकात वाटोळ्या गोळीवर जीव टाकणारे उत्तम नेमबाज सातपुड्याच्या जंगलांत हिंडत होते, त्याचे काय करायचे?

८/ त्यांतला एक म्हणजे कॅप्टन जेम्स फॉर्साइथ. बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी. मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील त्याचे पुस्तक १८७१ मध्ये, त्याच्याच मृत्यूच्या वर्षी, प्रसिद्ध झाले. पण त्याआधी, १८६० च्या दशकात, त्याने शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. टोकदार गोळीचा सर्वत्र उदोउदो चाललेला असताना हा माणूस ठामपणे सांगत होता की, भारतातल्या जंगलात शिकाऱ्याने वाटोळी गोळीच वापरावी.

९/ ही जुनाट हेकटपणाची गोष्ट नव्हती. जंगलात जनावर बहुधा १५० यार्डांच्या आत दिसते. अंतर मोजायला सवड नसते. अंदाज करायचा आणि चाप ओढायचा. जड आणि संथ टोकदार गोळी मोठी कमान घेत जाते. अंदाज चुकला, तर ती जनावराच्या पाठीवरून जाते किंवा पोटाखालून. हलकी वाटोळी गोळी भरपूर दारूने सोडली, तर सुरुवातीच्या टप्प्यात जवळजवळ सरळ जाते आणि अंदाजातली चूक पोटात घालते. १५० यार्डांपुढे तिचा वेग झपाट्याने ओसरतो, हे खरे. पण तिथे शिकाऱ्याचे कामच नसते.

१०/ मात्र त्यासाठी नळी वेगळी हवी. पीळ घट्ट असेल आणि दारू भरपूर, तर गोळी खाचांत फिरण्याऐवजी त्या ओलांडून सरळ घसरत निघते. म्हणून फॉर्साइथने पीळ अगदी सैल ठेवला: १०४ इंचांत एक फेरा. ब्रन्सविकचा पीळ ३० इंचांत एक फेरा होता. दोन्हीकडे गोळी वाटोळीच, पण तिच्याकडून मागितलेले काम निराळे आणि निकालही निराळा. गुन्हा आकाराच्या माथी मारणाऱ्यांनी पीळ पाहिलेलाच नसतो.

११/ आता याच काळातला दुसरा प्रयोगकर्ता पाहा. जनरल जॉन जेकब, बॉम्बे आर्टिलरीचा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथल्या वाळवंटाच्या कडेला, आज ज्याला जेकबाबाद म्हणतात तिथे, त्याने वर्षानुवर्षे गोळ्या तपासल्या. त्याच्या दुनळी रायफलला चार खोल खाचा आणि २४ इंची नळीत फेऱ्याचा चार-पंचमांश पीळ; गोळी लांबट, चार उभ्या कडांची; दृष्टिपट्टी २००० यार्डांपर्यंतची! सपाट उघड्या मुलखात, दूरचे लक्ष्य टिपायला.

१२/ जेकब आणि फॉर्साइथ यांच्यात शहाणा कोण? शिडीवाल्यांना निवड करावीच लागेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र ती करण्याचे कारण नाही. एकाच्या पुढे क्षितिजापर्यंत वाळू होती, दुसऱ्याच्या पुढे साग-बांबूचे रान. दोघांनीही निगुतीने चाचण्या केल्या आणि एकमेकांविरुद्ध भासणारी, पण आपापल्या जागी बरोबर असलेली उत्तरे काढली.

१३/ ‘म्हणजे सगळेच बरोबर?’ हा आक्षेप येईलच. नाही. प्रश्न नीट विचारला की उत्तर निर्दय स्पष्ट मिळते. १८५७ मध्ये हाइथ येथील नेमबाजीच्या लष्करी शाळेत एनफिल्ड आणि व्हिटवर्थ समोरासमोर आल्या. दोन्हींच्या गोळीचे वजन एकच, ५३० ग्रेन. दारूही जवळपास तेवढीच, ७० ग्रेन. फरक एवढाच: एनफिल्डचे छिद्र ०.५७७ इंच आणि पीळ ७८ इंचांत एक फेरा; व्हिटवर्थचे छिद्र ०.४५१ इंच आणि पीळ २० इंचांत एक फेरा.

१४/ निकाल सरासरी विचलनाच्या रूपात नोंदले गेले. म्हणजे साऱ्या गोळ्यांचा मध्यबिंदू काढायचा आणि प्रत्येक गोळी त्यापासून किती दूर पडली, याची सरासरी घ्यायची.
५०० यार्ड: व्हिटवर्थ ०.३७ फूट, एनफिल्ड २.२४ फूट.
८०० यार्ड: १.०० आणि ४.११.
११०० यार्ड: २.६२ आणि ८.०४.
१४०० यार्डांवर व्हिटवर्थ ४.६२ फूट, एनफिल्डची नोंदच नाही.

१५/ हा निकाल कशाचा? तेवढेच शिसे बारीक छिद्रात घातले की गोळी लांब होते. लांब गोळी हवा चांगली कापते, पण तोल राखायला तिला जोरकस गिरकी लागते. ती घट्ट पिळाने दिली. जिंकला तो लांब गोळी आणि घट्ट पीळ यांचा मेळ. व्हिटवर्थची गोळी ७८ इंची पिळातून सोडली असती, तर ती हवेत कोलांट्या खात गेली असती.

१६/ तरी ब्रिटिश सैन्याने व्हिटवर्थ स्वीकारली नाही. ती महाग होती आणि तिच्या बारीक छिद्रात काळ्या दारूचे कीट लवकर साचून ठासणे जड जाई. हाइथचा कागद म्हणतो व्हिटवर्थ. रणांगण म्हणते, विसाव्या बारालाही गज आत गेला पाहिजे. ही मूर्ख नोकरशाहीची कथा म्हणून सांगणारे विसरतात की, सैन्याचा प्रश्न हाइथच्या तक्त्यात मावत नव्हता.

१७/ दुसरा आवडता दाखला ‘विक्रमी बाराचा’. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे राणी व्हिक्टोरियाने व्हिटवर्थमधून ४०० यार्डांवर बार काढला आणि गोळी लक्ष्याच्या मध्यापासून सव्वा इंचावर लागली. रायफल यांत्रिक बैठकीवर आधीच रोखून ठेवली होती. राणीने फक्त दोरी ओढली. सोहळा म्हणून सुंदर. पुरावा म्हणून एक बार म्हणजे काहीच नाही.

१८/ तसेच ९ मे १८६४ रोजी अमेरिकन यादवीत जनरल सेजविक लांबून आलेल्या गोळीने पडले. अंतर किती, याबद्दल कथनांत मेळ नाही. व्हिटवर्थचे नाव मात्र प्रत्येक पोस्टमध्ये ठामपणे येते. लागलेली एक गोळी सगळे सांगतात. त्याच दिवशी न लागलेल्या गोळ्यांची बखर कोणी लिहीत नाही. एका बारावरून रायफल तोलणे म्हणजे एका सरीवरून पावसाळा तोलणे.

१९/ आता या साऱ्याचे सर्वांत महाग पडलेले उदाहरण, आणि तेही आपल्याच भूमीवरचे. एनफिल्डच्या गोळीला वंगण अपरिहार्य होते. त्याशिवाय ती काजळलेल्या नळीत सहज उतरत नसे आणि कीट मऊ राहत नसे. काडतुसाची चरबी ही गोळीच्या अचूकतेचाच एक भाग होती. पाठ्यपुस्तके ‘चरबी’ सांगतात. ती तिथे होती कशासाठी, हे क्वचितच सांगतात.

२०/ १८५३ मध्ये ही वंगण लावलेली काडतुसे चाचणीसाठी भारतात आली. ती पहाऱ्यावरच्या शिपायांच्या कमरपेट्यांत ठेवली गेली. प्रश्न एकच होता: इथल्या उष्म्यात हे वंगण टिकते का? ते कशाचे आहे आणि काडतूस दातांनी तोडणाऱ्याच्या तोंडात काय जाणार, हा प्रश्न चाचणीत नव्हताच. अ‍ॅडज्युटंट जनरल कर्नल टकर यांनी त्याच वर्षी लेखी इशारा दिला होता. तो फाइलीत राहिला. १८५७ च्या आरंभी असंतोष उघड झाल्यावर शिपायांना स्वतःचे वंगण लावण्याची मुभा आणि काडतूस हाताने फाडण्याची कवायत आली. तोवर वेळ निघून गेली होती.

२१/ उठावाची कारणे अनेक होती. काडतूस हे एकमेव नव्हते. पण इथला धडा स्वच्छ आहे. चाचणी खोटी नव्हती. तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणतीही चाचणी देत नाही, आणि कधी कधी तोच प्रश्न राज्य हादरवतो.

२२/ शिकारी रायफलची प्रामाणिक चाचणी कशी असते, ते पाहिले की हे पटते. नळी टेकूवर स्थिर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आज दारूचे माप, मग चिंधीची जाडी, मग गोळी. दोन बारांच्या मध्ये नळी पुसायची किंवा मुळीच पुसायची नाही, पण जे करायचे ते प्रत्येक वेळी सारखेच. एक नव्हे, अनेक बारांचा पुंजका पाहायचा. वारा आणि अंतर नोंदवायचे. आणि शेवटी वहीत ‘ही गोळी उत्तम’ असे न लिहिता ‘या नळीत, या मापाला, या अंतरावर ही गोळी उत्तम’ असे लिहायचे.

२३/ जुन्या प्रयोगकर्त्यांना हे शेवटचे वाक्य ठाऊक होते. ते विसरले त्यांच्यावर चित्रे काढणारे. ‘या नळीत, या मापाला, या अंतरावर’ हे शब्द गाळले की इतिहासाची शिडी होते, आणि शिडीच्या खालच्या पायरीवर उभा असलेला प्रत्येक माणूस आपोआप मूर्ख ठरतो. फॉर्साइथ मूर्ख नव्हता. चिंधीत गोळी गुंडाळणारा अनामिक शिकारीही नव्हता.

२४/ म्हणून यापुढे ‘जगातील सर्वांत अचूक’ असे काही समोर आले, तर पसंतीचे बटण दाबण्याआधी पाच प्रश्न विचारावेत. कोणत्या नळीतून? किती दारूने? किती अंतरावर? किती बारांच्या सरासरीने? आणि कोणाच्या, कोणत्या कामासाठी? पाचांपैकी तिनांची उत्तरे नसतील, तर समोर असलेली गोष्ट इतिहास नसून जाहिरात आहे, मग ती दीडशे वर्षे जुनी का असेना.

धागा समाप्त.