सही कुणाची?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर खात्याचा एक आदेश रद्द केला. वरवर पाहता नित्याचेच प्रकरण. एका कंपनीने आपले उत्पन्न सुमारे ३ कोटी रुपये दाखवले होते, खात्याने ते जवळपास २८ कोटी ठरवले. मात्र आदेशाला आधार म्हणून जे न्यायनिवाडे दिले होते, त्यांतले तीन कुठेच सापडेनात. सापडणार कसे? ते कधी दिलेच गेले नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या या काळात यंत्राने पुढे केलेल्या मजकुरावर विसंबण्याकडे कल वाढतो आहे, पण न्यायनिवाड्यासारखे अधिकार वापरणाऱ्याने तो पडताळून पाहिल्याशिवाय वापरता कामा नये, असे न्यायालयाने बजावले आणि प्रकरण नव्याने निर्णय करण्यासाठी परत पाठवले.

अशी बातमी आपण गमतीने वाचतो आणि विसरतो. पण बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाला पहिला प्रश्न सुचतो, तो हा की त्या आदेशाखाली सही कुणाची? हे मूल्यांकन तर 'फेसलेस' पद्धतीचे होते. म्हणजे अधिकारी कोण हे करदात्याला कळू नये, भेटीगाठी आणि देवघेव टळावी, अशी व्यवस्था. हेतू चांगलाच. पण लिहिणाऱ्याचा चेहरा आधीच झाकलेला, आणि त्याला निवाडे पुरवणाऱ्याला तर चेहराच नाही.

बँकेत शंभर रुपयांचे व्हाउचरसुद्धा दोन हातांखालून जाई. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासून पास करायचे. पास करणाऱ्याची सही कोंबडीने पाय उमटवल्यासारखी असली, तरी दहा वर्षांनी आलेल्या ऑडिटरलाही ती कुणाची हे सांगता येई. लिहिणारा चुकला तर त्याला बोलणी बसत, पास करणाऱ्याच्या हाती मेमो पडे. या पद्धतीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात वेळ फार जाई आणि गिऱ्हाईक पितळी टोकन हातात घेऊन ताटकळे. पण गडबड झाली, तर विचारायला एक माणूस असे.

१९८४ साली रंगराजन समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला, त्या काळात कर्मचारी संघटनांचा संगणकाला मोठा विरोध होता. भीती नोकऱ्यांची होती. आज एआयबद्दल बोलतानाही पहिली भीती तीच असते, आणि ती खोटी म्हणता येणार नाही. पण मला दोन्ही यंत्रांतला फरक अधिक काळजीचा वाटतो. तो संगणक व्याज काढी. शंका आली तर कागद-पेन्सिल घेऊन तेच व्याज पुन्हा काढता येई. आताचे यंत्र वाक्ये तयार करते. अफाट मजकूर पचवून, कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, या अंदाजाने ते पुढे सरकते. त्यामुळे खरे आणि खऱ्यासारखे यांत ते गल्लत करते, आणि नसलेला निवाडाही असलेल्या निवाड्याच्या थाटात मांडते. गावातला थापाड्या बोलताना निदान नजर चुकवतो!

आमच्या येडशीचेच पाहा. डिसेंबर २०२४ मध्ये रामलिंगच्या अभयारण्यात वाघ आला. जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे जंगल, पायथ्याशी देवस्थान, जवळून महामार्ग. तिथे वाघ, आणि तोही यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला! कुणाचा विश्वास बसणार? वनखात्याच्या कॅमेऱ्यात तो टिपला गेला, अंगावरचे पट्टे जुन्या नोंदींशी जुळले, तेव्हा बसला. त्यानंतर वर्षभराने, २०२५ च्या अखेरीस, पुण्याकडे एआयने रचलेली बिबट्यांची चित्रे मोबाइलवर फिरू लागली आणि अफवा पसरवणाऱ्यांवर कारवाईचा इशारा वनखात्याला द्यावा लागला. मोबाइलच्या पडद्यावर खरे आणि रचलेले जनावर सारखेच दिसते. आमच्या वाघाच्या चित्रामागे मात्र हा कॅमेरा अमुक झाडाला मी बांधला, असे सांगणारा वनखात्याचा माणूस होता.

चित्राचे एक वेळ सोडा. वाघ आज आहे, उद्या दुसऱ्या शिवारात. शेतकऱ्याच्या पैशाचे काय? राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीसाठी खास एआय धोरण मंजूर केले, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद केली. त्याच वर्षी कृषी खात्याचे 'महाविस्तार' हे ॲप आले. सोयाबीनवर कीड पडली, काय फवारू, असे मराठीत विचारावे आणि मराठीत उत्तर मिळावे, ही सोय लहान नाही. कृषी सहायकाची वाट पाहण्यात हंगाम निघून गेलेले शेतकरी इथे गावोगाव आहेत. सल्ला बरोबर निघाला तर यंत्राचा जयजयकार होईलच. चुकला आणि फवारणीने पीक जळाले, तर भरपाई कुणाकडे मागायची, हे ज्या दिवशी कृषी खाते छातीठोकपणे सांगेल, त्या दिवशी मीही त्या जयजयकारात सामील होईन.

ही शंका हवेतली नाही. २०२० च्या खरिपात या जिल्ह्यात काढणीला आलेले सोयाबीन पावसात भिजून गेले. विमा उतरवलेला होता. पण नुकसान झाल्यापासून ७२ तासांत कळवले नाही, या कारणावरून कंपनीने भरपाई नाकारली. कळवायचे कसे, तर ॲपवर, फोनवर. पाण्यात उभ्या असलेल्या, चार्जिंगला वीज नसलेल्या माणसाने! साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांचा हा प्रश्न औरंगाबाद खंडपीठात गेला, २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला आणि सर्वोच्च न्यायालयातही तो टिकला. तिथे तर एआय नव्हते, साधा तासांचा हिशेब होता. नियम छापलेला होता, म्हणून त्याच्याशी भांडता आले. आता पीकविम्यात काही पिकांचे उत्पन्न ठरवताना पीक कापणी प्रयोगाच्या जोडीला उपग्रहाच्या चित्रांवरून काढलेला अंदाजही धरला जातो. पीक कापणीच्या वेळी शेतकरी बांधावर उभा राहून वजनकाटा बघू शकतो. उपग्रहाचा अंदाज कुठे बसून, कोणत्या गणिताने निघाला, हे त्याने कुणाला विचारावे?

बँकांतही हेच होऊ घातले आहे. 'सिस्टिम घेत नाही' हे वाक्य आज प्रत्येक शाखेत कानी पडते. कर्ज का नाही, तर सिस्टिम घेत नाही. सिस्टिम का घेत नाही, हे काउंटरवरच्या मुलालाही ठाऊक नसते, आणि त्याच्या साहेबालाही. या विषयावर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. मुंबई आयआयटीचे प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य तिचे अध्यक्ष होते. अहवालाने सात सूत्रे सांगितली आहेत. त्यांतले एक असे की, एआय जी संस्था वापरते, तिच्यावरच उत्तरदायित्व राहील. उत्तम झाले. फक्त 'संस्था' या शब्दापाशी माझे अडते. संस्थेला घाम फुटत नाही, तिची बदली होत नाही. उत्तरदायित्व अखेर शाखेतल्या कुणा पाटील-कांबळ्यांवर येऊन पडणार, आणि त्यांची अडचण अहवालांतून दिसत नाही.

एखाद्या शाखाधिकाऱ्याने शिवार पाहिले, माणूस पाहिला आणि यंत्राचा नकार बाजूला सारून कर्ज मंजूर केले. ते थकले, तर चौकशी त्याची होईल. यंत्राच्या होकारावर दिलेले थकले, तर 'पद्धतीनुसार' असा शेरा मारून फाइल बंद होईल. निवृत्तीला चार वर्षे उरलेला, मुलीचे लग्न व्हायचे असलेला माणूस यांतले काय निवडील, हे सांगायला नको. यंत्र अधिकाऱ्याची खुर्ची काढून घेणार नाही कदाचित. खुर्चीत बसून 'मला हे पटत नाही' असे लिहिण्याचा त्याचा अधिकार मात्र काढून घेईल. सही त्याचीच राहील.

नकाराच्या प्रत्येक पत्रावर निर्णय घेणाऱ्याचे नाव, हुद्दा, नकाराचे कारण आणि दाद मागण्याचे ठिकाण मराठीत छापले जावे, अशी मागणी शेतकरी संघटनांनी करायला हवी. बँक अधिकाऱ्यांच्या संघटनांनी आणखी एक परिपत्रक मागून घ्यावे: यंत्राशी असहमत होऊन, कारणे लेखी नोंदवून, प्रामाणिकपणे घेतलेला निर्णय पुढे चुकला, तरी केवळ त्यासाठी अधिकाऱ्यावर कारवाई होणार नाही. त्यासाठी एक पान पुरे.