शाळा नवी झाली. शाळेची भाषा कोठे गेली?

लोधीखेड्यात, किंवा सौंसर-पांढुर्णा पट्ट्यातल्या कोणत्याही गावात, शाळा सुटल्यावर मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभे राहावे. खो दिला जातो तो मराठीत, पळणाऱ्याला सावध केले जाते ते मराठीत, आणि बाद की नाबाद यावरून होणारे भांडणही अस्सल मराठीत होते. हीच मुले दुसऱ्या दिवशी वर्गात शिरली की भाषा बदलते. फळा हिंदी, पुस्तक हिंदी, सूचना हिंदी. मैदान आणि वर्ग यांच्यामध्ये जेमतेम एक व्हरांडा असतो. पण तो ओलांडताना मुलाला आपली भाषा बाहेर ठेवावी लागते. या व्हरांड्याविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे.

निमित्त नव्या शालेय संकुलांचे आहे. मध्य प्रदेश शासनाने ‘सीएम राइज’ या नावाने मोठ्या सरकारी शाळांची योजना आखली. २०२५ मध्ये त्या शाळांना ‘सांदीपनी विद्यालय’ असे नाव देण्यात आले. प्रशस्त इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, क्रीडांगण आणि आसपासच्या गावांतून मुलांना आणण्यासाठी बस, असे तिचे स्वरूप आहे. आम्ही या योजनेचे विरोधक नाही. गळक्या कौलांखाली शिकलेल्या पिढीला काँक्रीटच्या छताचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, नकाशा आखताना प्रयोगशाळा किती, शौचालये किती, खेळपट्टी किती लांब, हे सारे मोजले जाते; मग त्या वर्गांत बसणाऱ्या मुलांची भाषा कोणती, हे का मोजले जात नाही?

शाळेचा इतिहास इमारतीच्या पायाभरणीपासून सुरू होत नाही. लोधीखेड्याच्या शाळेचा इतिहास सांगायचा तर या मुलुखाचा इतिहास सांगावा लागतो. १९५६ पूर्वीच्या मध्य प्रदेश राज्याची राजधानी नागपूर होती आणि त्या राज्याच्या कारभारात हिंदी व मराठी अशा दोन्ही भाषांना मान्यता होती. सौंसरच्या शेतकऱ्याला राजधानीत जाऊन मराठीत बोलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मात्र अखंड ठेवून नव्या मध्य प्रदेशात घालण्यात आला, आणि त्याच्या दक्षिण टोकाचा मराठी मुलूख त्याच्यासोबत गेला. जिल्हा हा घटक धरून रेषा ओढली की तालुक्याची भाषा कोणी विचारत नाही. नागपूर हाकेच्या अंतरावर राहिले आणि राजधानी तीनशे किलोमीटरच्या पलीकडे गेली. माणसे जागची हलली नाहीत. शाळेचे पुस्तक तेवढे बदलले.

ती रेषा पुसावी अशी मागणी आम्ही करीत नाही. कर्नाटकातील ८६५ गावांचा दावा न्यायालयात आहे. आमच्या गावांचा तसा दावा नाही. आम्ही मध्य प्रदेशाचे नागरिक आहोत आणि त्याच नात्याने बोलत आहोत. किंबहुना म्हणूनच आमचे म्हणणे अधिक बळकट आहे: आम्ही राज्य बदलून मागत नाही, राज्यघटनेने जे दिले तेवढेच मागतो.

सातव्या घटनादुरुस्तीने, म्हणजे त्याच १९५६ साली, अनुच्छेद ३५०-क घटनेत आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे तो सांगतो. वर्गात दहा किंवा शाळेत चाळीस मुले असतील तर त्या भाषेचा शिक्षक द्यावा, हे मोजमाप तर १९४९ मध्येच ठरले होते. माध्यमिक स्तरासाठी १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत वरच्या चार इयत्तांत मिळून साठ आणि प्रत्येक इयत्तेत पंधरा असा आकडा मान्य झाला. वकील या नात्याने आम्हांस प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, ३५०-क ची कक्षा प्राथमिक शिक्षणापुरती आहे आणि १९६१ चे ठराव म्हणजे कायदा नव्हे. तथापि, राज्यांनी मिळून दिलेला शब्द कायदा नाही म्हणून तो शब्दच नव्हता, असे मानण्याचे कारण नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. पहिली अशी की, २०२३ मध्ये सौंसर आणि पांढुर्णा वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. विशाल छिंदवाड्यात मराठीचा आकडा विरून जात होता. दोन तालुक्यांच्या जिल्ह्यात तो विरणार नाही. जेथे एखाद्या भाषेचे लोक पंधरा ते वीस टक्के असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, असे १९५६ चे संरक्षणविषयक निवेदन सांगते. हा जिल्हा ती रेषा सहज ओलांडतो. दुसरी गोष्ट नव्या संकुलांची. लहान गावच्या शाळेत एका इयत्तेत पंधरा मराठी मुले भरणे कदाचित अवघड असेल. परंतु अनेक गावांची मुले बसने एका छताखाली आणल्यावर तीच संख्या सहज भरते. मोठी शाळा बांधून शासनाने आपली सबबही मोडून टाकली आहे.

आता जुन्या कपाटांकडे वळू. नवी इमारत आली की पहिला घाला त्यांच्यावर पडतो. आमच्या वकिलीत जन्मतारखेचे आणि वारसाचे वाद नित्याचे असतात, आणि शाळेची दाखल-खारीज नोंदवही हा त्यांतला महत्त्वाचा पुरावा असतो. पूर्वीच्या पुरावा अधिनियमाचे कलम ३५ आणि आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २९ अशा नोंदींना ग्राह्य मानते. एका पक्षकारासाठी आम्ही अशीच जुनी नोंदवही मागण्यास एका शाळेत गेलो. उत्तर मिळाले की, इमारत बदलताना जुने कागद रद्दीत गेले. त्या वृद्धाचा दावा पुढे कसाबसा निभावला. पण त्या रद्दीबरोबर कितीतरी मुलांची मराठी वळणाने लिहिलेली नावे, बापाचा धंदा आणि मूळ गाव हे सारे किलोच्या भावाने विकले गेले. ज्या शाळेच्या नोंदवह्या शाबूत नाहीत तिचा शतकमहोत्सव कोणत्या आधारावर साजरा करणार?

खेळांच्या बाबतीत तर शासनाची भूमिका अधिकच विसंगत आहे. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यक्रीडा म्हणून गौरविले. आम्हांस याचा अभिमान आहे. पण दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवे रूप दिले, तिचे नावच मराठी आहे. कबड्डीच्या नियमपुस्तकात सगळा संघ बाद झाल्यावर जो ‘लोना’ मिळतो, तो आमच्या खेळांतला ‘लोण’ आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हे देशी खेळ जगाला दाखविले. ती अमरावती आमच्या पांढुर्ण्याची शेजारीण. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ विजयी झाले आणि त्यांचे कर्णधार होते प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे. लोधीखेड्याच्या मुलीने ही नावे ऐकली की तिला ती परकी वाटत नाहीत. खेळ आमचा चालतो, खेळाचे शब्द आमचे चालतात, मग त्या शब्दांची भाषा वेळापत्रकात का चालत नाही?

बाहेरच्या जगाला पांढुर्णा आठवतो तो वर्षातून एकदा, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जांब नदीवर गोटमार होते तेव्हा. कॅमेरे येतात, जखमींची संख्या मोजतात आणि जातात. उरलेले ३६४ दिवस येथल्या मैदानांवर काय खेळले जाते, याची बातमी होत नाही. दगड दिसतात आणि खो-खोचे खांब दिसत नाहीत, ही बाहेरच्यांची दृष्टी झाली. ती बदलायची असेल तर शाळेची क्रीडापरंपरा आपणच लिहून ठेवली पाहिजे, आणि ती मराठीतही लिहिली पाहिजे.

आमच्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: मराठीने पोट भरत नाही, मुलांना हिंदी-इंग्रजी येऊ द्या. येऊ द्याच. हिंदी काढून टाका असे आम्ही कधी म्हटले नाही. मध्य प्रदेशाच्या माध्यमिक शिक्षा मंडळात मराठी हा परीक्षेचा विषय आहे. तो शिकविणारा शिक्षक हवा, एवढेच आम्ही म्हणतो. आणि पोटाचेच बोलायचे तर हेही पाहा. येथली मुले शिक्षणाला आणि कामाला कोठे जातात? नागपूरला. महाराष्ट्राने २०२० च्या कायद्याने सर्व शाळांत मराठी सक्तीची केली आहे. लोधीखेड्याचे कुटुंब नागपूरला गेले की, घरी जन्मभर मराठी बोललेले मूल तेथल्या वर्गात मराठी लिहिण्यापाशी अडखळते. आईची भाषा त्याला परीक्षेत परकी ठरते. हा तोटा कोणत्या हिशेबात धरायचा?

दुसरा आक्षेप असा की, मागणीच नाही. येथे आम्ही शासनापेक्षा आपल्या लोकांवर अधिक रागावलो आहोत. प्रवेश-अर्जात मातृभाषेचा रकाना येतो आणि मराठी बाप तेथे ‘हिंदी’ लिहितो, कोणी विचारले तर म्हणतो, “काय फरक पडते?” फरक हाच पडतो, साहेब, की साठ आणि पंधराचा आकडा कागदावर कधी भरत नाही. मातृभाषेचे माध्यम शासन पालकांवर लादू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्या प्रकरणात ठरविले. निवड पालकाची आहे. पण ज्याने स्वतःच्या हाताने आपली भाषा खोडली, त्याच्यासाठी कोणते न्यायालय निवड करणार? आणि हाच न्याय आमच्या शेजारच्या गोंडी आणि पवारी बोलणाऱ्या घरांनाही लागू आहे. त्यांनीही आपले नाव खोडू नये. त्यांच्या भाषेला मिळणारी जागा आमच्या जागेतून वजा होत नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या आहेत. सौंसर-पांढुर्ण्यातील प्रत्येक सरकारी हायस्कूलमध्ये, आणि नव्या संकुलात तर आधी, मराठीचा एक शिक्षक असावा. शाळेचा फलक हिंदीबरोबर मराठीतही असावा. लिपी एकच असल्याने रंगाचा खर्चही फारसा वाढणार नाही. जुन्या नोंदवह्या हलविण्यापूर्वी त्यांच्या प्रतिमा घेऊन मूळ प्रती जिल्ह्याच्या ठिकाणी जपाव्यात. क्रीडा-स्पर्धांचे विजेते, संघ आणि वर्षे यांची नोंद ठेवणारे एक दालन शाळेत असावे.

आणि वाचकहो, काही कामे आपली आहेत. दहा रुपयांचे शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्ज करा: आमच्या शाळेत मराठी मातृभाषा लिहिलेली मुले किती, मराठी शिक्षकाची पदे किती मंजूर, किती भरलेली? अर्ज हिंदीत करा, आमची हरकत नाही; उत्तर तीस दिवसांत मिळाले पाहिजे. प्रवेश-अर्ज भरताना ‘मराठी’ लिहा. आणि २०२७ च्या जनगणनेत प्रगणक दारी येईल तेव्हा मातृभाषेच्या प्रश्नाला जे खरे आहे तेच उत्तर द्या, आणि त्याने काय लिहिले ते वाचून पाहा.

खो-खोत बसलेल्या गड्याला आपण होऊन उठता येत नाही. पाठीमागून खो मिळाल्यावरच तो धावतो. १९५६ पासून आपण पाटीवर बसून आहोत, आणि शासन येऊन खो देईल अशी वाट पाहत आहोत. आमचे म्हणणे असे की, हा खो आता घराघरातून, एका एका अर्जाने, आपणच एकमेकांना दिला पाहिजे.